दोघी दारात आल्या की गेम अडकतो

शकू, स्पर्धेचा निकाल लावला. तुझ्याशिवाय लावला. तुझं दिवसकार्य नुकतंच आटोपलं होतं, पण मुलं रोज दारात येऊन उभी राहायची, "आजी, रिझल्ट कधी?" मुलांना दुःख कळतं गं, थांबणं कळत नाही. शेवटी गेल्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, टेबलावर चादर घातली आणि तुझा फोटो ठेवला. फोटो तू निवडलेला नव्हता हे कोणीही सांगेल. त्यात तू गप्प बसली आहेस.

लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलताहेत. मनमिळाऊ होती म्हणे. मनमिळाऊ! मी त्या फोटोशेजारीच बसले होते, मला खोकल्याची उबळ आल्याचं सोंग करावं लागलं. डिलाईल रोडच्या आपल्या चाळीत भिंतीला भिंत लागून आपल्या खोल्या. त्या भिंतीला ऐकू येत असतं तर तिने केव्हाच जागा बदलून मागितली असती.

तू गेलीस तेव्हाही आपलं एक भांडण अर्धंच होतं. आपल्या वयाच्या बायका गुडघ्यांवरून भांडतात, सुनांवरून भांडतात, पापडखाराच्या प्रमाणावरून भांडतात. आपण भांडत होतो ते शाळकरी मुलांनी बनवलेल्या व्हिडिओ गेमवरून. आता ते भांडण पुरं करायला माझी एकटीचीच बाजू उरली आहे, आणि अशी संधी मला जन्मात पुन्हा मिळायची नाही.

सुरुवात रांगोळीपासून करते. मंडळाची रांगोळी स्पर्धा दरवर्षी तू जिंकायचीस. दरवर्षी मोर. तीच मान, तोच पिसारा, एक रेघ इकडची तिकडे नाही. आणि दुसरी मी. तेव्हाची मी म्हणजे काय ध्यान होतं! दोन वेण्या, खांद्याला शबनम पिशवी, आणि आपण कलावंत आहोत अशी पक्की समजूत. मोर काढणं मला कमीपणाचं वाटायचं. मी 'आधुनिक' काढायची. एकदा समुद्रावरून जाणारं विमान काढलं. परीक्षक वाकून म्हणाले, "पापलेट छान जमलंय." त्या दिवशी मी जेवले नाही. आईने ताट झाकून ठेवलं आणि मी उशीत तोंड खुपसून जाहीर केलं की जगाला माझी कला कळायला पन्नास वर्षं लागतील. ती पन्नास वर्षं केव्हाच होऊन गेली. चाळीत अजून ते पापलेटच आहे.

पण त्या खुळ्या पोरीने एक गोष्ट मात्र मान्य केली होती. तुझी रेघ साफ, म्हणून तू पहिली. माझी वाकडी, म्हणून मी दुसरी. कसंबसं गिळलं आणि त्यावर आयुष्य काढलं.

पुढे आपण दोघी मंडळाच्या परीक्षक झालो आणि रांगोळीला स्पर्धकच मिळेनासे झाले. शेवटच्या वर्षी स्पर्धक दोन आणि परीक्षक आपल्या दोघींसकट तीन. मुलं सगळी जिन्यात, मोबाइलमध्ये मान घालून. मंडळाची पोरं म्हणाली, मोबाइल गेमची टुर्नामेंट ठेवू या. तू भर मीटिंगमध्ये उठलीस. "खेळतात काय, सगळेच खेळतात. बनवून दाखवा म्हणावं! बनवील त्याला बक्षीस." मी तुझ्या कानात म्हटलं, "गेम बनवतात म्हणजे काय करतात, ठाऊक तरी आहे का तुला?"

"नाय. पण कोणीतरी बनवत असतीलच ना गो? आकाशातून पडतात काय?"

आणि मग आपण ती स्पर्धा घेतली, जशी आपल्याला स्पर्धा घेता येते तशी. म्हणजे रांगोळीसारखी. गॅलरीत खडूने चौकोन आखले. चौकोनांना नंबर दिले. वेळ सकाळी दहा ते एक. विषय 'पाणी वाचवा'. साहित्य स्पर्धकांनी स्वतः आणावे. बिचारी पोरं बापाचे, काकाचे, कोणाच्या तरी ऑफिसातले लॅपटॉप घेऊन आपापल्या चौकोनात मांडी घालून बसली. घराघरातून एक्स्टेन्शन बोर्ड आले, आणि मुलांचा हात बसतोय न बसतोय तोच चाळीचा फ्यूज उडाला. घरोघर पुरुषमंडळी क्रिकेटची मॅच बघत होती. त्या दिवशी तुझ्याबद्दल जे बोललं गेलं त्यात मनमिळाऊ हा शब्द नव्हता.

पण खरा कळस परीक्षणाचा. वीज आल्यावर आपण दोघी हात पाठीमागे बांधून, पदर सांभाळत, कशाला पाय लागू नये म्हणून जपून जपून चौकोनांमधून फिरलो. लांबून वाकून बघितलं. तू गुण दिलेस रंगसंगतीला, मी दिले नीटनेटकेपणाला, विषयाच्या मांडणीचे दोघींनी मिळून. शेवटच्या खोलीतली प्रज्ञा तेव्हा एवढीशी होती. तिने विचारलं, "आजी, खेळून नाही बघणार?" तू दचकलीस. "हात लावू? पुसलं-बिसलं गेलं तर?"

सगळी गॅलरी हसली. आपण एकही गेम न खेळता व्हिडिओ गेमचे तीन नंबर काढले होते. पहिला आलेला गेम सुरूच होत नव्हता, हे बक्षीस दिल्यानंतर कळलं. दिसायला मात्र सुरेख होता.

दुसरी कोणी असती तर तिथेच नाद सोडला असता. मी तर सोडलाच होता. तू लोअर परळच्या टॉवरखाली जाऊन उभी राहिलीस. तिथल्या वडापावच्या गाडीवर दुपारी ऑफिसातली मुलं येतात. एकीच्या गळ्यातल्या कार्डावर राक्षसाचं चित्र होतं. तेवढ्या पुराव्यावर तू तिचा हात धरलास. "बाळा, तू गेम बनवतेस? खरंच? आणि त्याचा पगार देतात?" ती रेश्मा. ती अजून सांगते, "माझ्या कामाची इतकी चौकशी माझ्या आईनेही केली नव्हती." मग ती रविवारी यायला लागली. तिने आपल्याला न हसता समजावलं की तीन तासांत गेम होत नाही, तीन महिने द्या. दर रविवारी मुलांनी झालं असेल तेवढं आणावं, दाखवावं, मोडावं, पुन्हा जोडावं.

खेळून बघायचं काम आपलं. रेश्माचा नियम असा की आजी खेळत असताना बनवणाऱ्याने तोंडावर हात ठेवून उभं राहायचं, एक शब्द सांगायचा नाही. पोरं कासावीस व्हायची. तू कुठे पडलीस की पडद्यावरच्या माणसाची माफी मागायचीस. "लागलं का रे बाबा? चुकलं माझं." शत्रू समोर आला की आधी विचारायचीस, "कोणाचा रे तू?" तोवर तो तुला मारून मोकळा. आणि मी लबाडी करायची. भिंतीच्या मागे, छपराच्या कडेला, जिथे जायचं नाही तिथे घुसायची. एकाच्या गेममध्ये राक्षसाला वळसा घालून सरळ खजिन्यात गेले. तो रडकुंडीला आला. "आजी, असं कोणीच जात नाही!" "मी गेले ना?" रेश्मा त्याला म्हणाली, "भिंत बंद कर रे तिथली. रेशनच्या रांगेत तयार झालेल्या बाई आहेत त्या."

एक सांगायचं राहून गेलं होतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तू हरलेल्या मुलांच्या घरी जायचीस. हातात काहीबाही खाऊ, आणि प्रश्न एकच: "पुढच्या वर्षी काय बनवतोस?" मुलगा तोंड फुगवून बसलेला असायचा आणि तू त्याच्या पलंगावर बसून त्याचाच खाऊ खात वाट बघायचीस. मी एकदा तुला टोमणा मारला, "मी हरायची तेव्हा माझ्याकडे नाही कधी आलीस." तू म्हणालीस, "तू दार आपटायचीस गो. नाकावर बसलं असतं माझ्या." खरं आहे. आपटायची. पण तू दारापर्यंत आली होतीस, हे मला तेव्हा कळलं.

मग रेश्माच्या कंपनीने कबूल केलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत एका मुलाला आपल्या टीमबरोबर बसवून शिकवू. शिवाय वर्षभर वापरायला कॉम्प्युटर. जागा मात्र एकच. नियमावली मी लिहिली: पहिला नंबर येईल त्याला जागा. तू वाचलीस आणि म्हणालीस, "बघू." तुझं 'बघू' म्हणजे भांडणाचा मुहूर्त काढलेला असायचा.

या वर्षी शेवटी दोन गेम उरले. एक दादरहून आपल्या स्पर्धेला येणाऱ्या ईश्वरीचा. छपरांवरून उड्या मारत घरी जाणारं मांजर. काय देखणं काम! मांजराच्या मिशीचा केसन् केस हलतो. उडी चुकली तर चूक आपली, गेमची नाही. सुरुवात आहे, शेवट आहे, मधे कुठे धक्का नाही. मी घुसायला किती फटी शोधल्या, एक सापडली नाही. मला त्या पोरीचा रागच आला, इतकं चांगलं होतं.

दुसरा प्रज्ञाचा. ती आता नववीत. तिचा गेम आपल्या चाळीतला. दोन म्हाताऱ्या शेजारणी, अबोला धरलेल्या. खेळणारा म्हणजे एक लहान मूल, दोघींचे निरोप पोचवणारं. एक म्हणते, "सांग तिला, माझ्या दोरीवर तिचे कपडे दिसले तर खाली टाकून देईन." आता हे तसंच सांगायचं, मऊ करून सांगायचं की आणखी तिखट लावून, ते आपण ठरवायचं. जसं सांगू तसा अबोला वाढतो नाहीतर विरघळतो. त्यातल्या एकीचं नाक जरा मोठं होतं. पोरं तोंडावर हात ठेवून उभी होती, पण या वेळी ते हसू दाबायला होतं.

"ही मी आहे का गं?" मी विचारलं.

"नाही आजी, काल्पनिक आहे."

"नाक काल्पनिक नाय," तू म्हणालीस.

पण गेम अपुरा होता. निरोप कसेही द्या, शेवटी दोघी एकाच वेळी आपापल्या दारात येतात, एकमेकींकडे बघतात, आणि गेम अडकतो. पुढे काही नाही. दर रविवारी रेश्मा विचारायची, "प्रज्ञा, इथून पुढे?" दर रविवारी ती मान खाली घालायची. एकदाची म्हणाली, "ताई, समोर आल्यावर त्या काय बोलतात ते मला लिहिताच येत नाहीये. किती वेळा लिहिलं. सगळं फेक वाटतं. मग डिलीट केलं."

त्याच आठवड्यात तुला परळला इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरला तू विचारलंस, "माझे किती जीव उरलेत?" तोही गेम खेळणाऱ्यांतला निघाला. हसून म्हणाला, "आजी, तुमचा स्कोअर मस्त आहे." मग त्याचं हसू पटकन मावळलं. ते मी पाहिलं. तू पाहिलंस की नाही, ठाऊक नाही. तू माझ्याकडे वळलीस. "मालू, जागा प्रज्ञाला दे."

"तिचा गेम पुरा नाही."

"म्हणूनच दे. ईश्वरीला काय शिकवणार ते लोक? तिला सगळं येतंच."

"येतं म्हणून तर पहिली ना? साफ काम केलंय तिने. पहिली ती पहिली."

"खुळी काय गो तू? खोटं वाटलं म्हणून पुसून टाकते ती पोरगी. तिच्या वयाच्या असताना आपण काय पुसलं होतं?"

"तू कशाला पुसशील! तुझा मोर दरवर्षी पहिला."

तेव्हा तू उशीवरून मान उचललीस. "तेच सांगते ना! पहिली येऊन मी काय शिकले? मोर. मेला जन्मभर मोर. दुसरं काही काढलं आणि नंबर गेला तर, म्हणून कधी काढलंच नाही. तू दरवर्षी हरायचीस आणि दरवर्षी काहीतरी नवीन वेडंविद्रं घेऊन यायचीस. मला वाटायचं, कोणीतरी हिला दोन रेघा धड शिकवायला हव्यात. लोक माझा मोर बघायला वाकायचे, आणि मी तिथून तुझं पापलेट बघायची."

"विमान होतं ते," मी म्हटलं.

खरं सांगते, मला राग आला. साफ रेघेला पहिला मान नसेल, तर मग मी जन्मभर दुसरी आले ती कशासाठी? सुई टोचलेल्या हाताने तू माझी हार परत मागत होतीस, आणि ती मी किती जपून ठेवली होती. म्हटलं, "नाही म्हणजे नाही. तू घरी ये, मग बघू." तू डोळे मिटून म्हणालीस, "आता तू पण 'बघू' म्हणायला लागलीस." तेवढ्यात सिस्टरने मला बाहेर काढलं. त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही.

भेटायला येईल त्याला तू हेच सांगून ठेवलं होतंस, म्हणून तू गेल्यावर सगळे माझ्या मागे लागले, "शकूमावशींची शेवटची इच्छा होती." मेल्यामुळे कोणाचं म्हणणं बरोबर ठरतं का? तसं असतं तर माझी सासू केव्हाच बरोबर ठरली असती.

एका दुपारी मी प्रज्ञाचा लॅपटॉप मागून घेतला आणि तिचा गेम एकटीने खेळले. आधी माझ्या स्वभावाप्रमाणे. निरोपात जेवढं तिखट घालता येईल तेवढं घातलं. दोघी फणफणत दारात आल्या. अडकलं. मग सगळे निरोप साखर घोळवून दिले. दोघी हसत दारात आल्या. अडकलं. मी तशीच बसून राहिले. मोठ्या नाकाची ती एका दारात, दुसरी शेजारच्या. म्हटलं, बोल ना काहीतरी. कोणाला म्हटलं कोणास ठाऊक. मग नाकवालीच्या तोंडी मीच एखादं वाक्य घालून बघितलं. 'घाल बाई माझ्या दोरीवर कपडे.' फेक. 'चुकलं माझं.' त्याहून फेक. ही बाई असं बोलणारच नाही, मी हिला चांगली ओळखते. 'तू हवी होतीस.' हे मला मोठ्याने म्हणताही आलं नाही. पोरगी बरोबर जागी थांबली होती. तिथून पुढे कसं जायचं ते तिला कोणीतरी शिकवायला हवं होतं, आणि ती शिकवणारी मी नव्हते.

तेव्हा निकाल असा. पहिला नंबर ईश्वरी. कंपनीतली जागा आणि कॉम्प्युटर प्रज्ञाला. तुझं ऐकलं असं मुळीच समजू नकोस. पहिली ती पहिली, हे मी सोडलेलं नाही. पहिलं येणं आणि शिकायला जाणं या दोन गोष्टी मी एकाच दोरीवर वाळत घातल्या होत्या, त्या वेगळ्या केल्या एवढंच.

हॉलमध्ये जो गोंधळ झाला तो तुला आवडला असता. ईश्वरीची आई उभी राहिली. "काकू, तुमच्या नियमावलीत लिहिलंय, फर्स्ट येईल त्याला सीट. हे फेअर नाहीये."

"नियमावली मीच लिहिली, बाई. चुकीची लिहिली."

"असं ऐन वेळी कसं बदलता?"

"रांगोळीत पहिली आलेल्या बाईला या मंडळाने रांगोळीचा क्लास कधी लावून दिलेला नाही."

लोक हसले. ती हसली नाही, आणि तिचं काही चुकत नव्हतं. माझ्या नातीच्या बाबतीत कोणी असं केलं असतं तर मी ते टेबल चादरीसकट उलटं केलं असतं. प्रज्ञा रडत होती. आनंदाने की भीतीने, तिलाच कळत नव्हतं. ईश्वरीने चषक घेतला, "थँक यू" म्हणाली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

प्रज्ञा कालपासून कंपनीत जायला लागली. संध्याकाळी विचारलं, "काय शिकवलं गं?" म्हणाली, "काहीच नाही, आजी. सगळे दिवसभर भांडत होते. गेममधला एक दरवाजा किती हळू उघडावा, यावरून." म्हटलं, मग योग्य ठिकाणी पोचलीस.

आणि आज दुपारी दारात ईश्वरी. एकटी. मला वाटलं चषक परत करायला आली. पण हात रिकामे होते. "आजी, तुम्ही चुकलात. मला बोलायचंय तुमच्याशी."

आत घेतलं. चहा टाकला. ती सगळं पाठ करून आली होती. नियम बदलायचा तर आधी सांगायचा, मधेच नाही. बरं, तेही सोडा. "ज्याला येतं त्याला शिकायचं नसतं, हे कोणी ठरवलं? मांजर मी घरी पोचवलं, आजी. त्याच्या पुढे मलाही काही सुचत नाहीये. आता जे काय बनवते ते पुन्हा मांजरच होतं. प्रज्ञाला विचारलंत पुढे काय, मला कोणी विचारलंच नाही."

शकू, हे तुलाही सुचलं नव्हतं. आणि तू तर मोर काढणारी बाई. तुझ्याकडे हरलेल्यांसाठी खाऊ होता. जिंकलेल्या पोरीच्या घरी, दुसऱ्या दिवशी, आपल्यापैकी कोणीच कधी गेलं नाही.

तिचं म्हणणं मला तिथल्या तिथे पटलं. उद्या रेश्माला गाठायचं, आणि दुसरी जागा मिळेपर्यंत तिच्या कंपनीच्या दारात बसायचं, हेही मनाशी ठरलं. ती जागा देतील की नाही, ठाऊक नाही. पण मी बसणार. आणि हे तिला लगेच सांगता आलं असतं.

मी म्हटलं, "मला नाही पटत."

ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली, हातवारे करत, माझं वाक्य मधेच तोडत. मी म्हटलं, "छे." तिने कप बाजूला सारला आणि पुढे सरकून बसली. गॅलरीतलं ऊन कठड्यावरून उतरून गेलं, नळाला पाणी आलं, आणि मी आपली नाही-नाहीच म्हणत राहिले. हो म्हटलं असतं तर ती उठून गेली असती.